बेळगावात भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून खगोलभौतिकीकडे वळता येईल का?

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून दहावी आणि बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) झाल्यावर, जवळपास खगोलशास्त्राची पदवी नसल्यामुळे भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करणे ही तडजोड ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे. ती तडजोड मुळीच नाही. मीही बेळगावातच बी.एस्सी. करून पुण्यात खगोलभौतिकीत पीएच.डी. केली आणि तिथे माझ्या बरोबरीचे बहुतेक जण भौतिकशास्त्रातूनच आलेले होते.

प्रयोगशाळेत तुमच्यासमोर सोडियमचा दिवा आणि प्रकाशाचा वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोमीटर येईल. ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) नीट बसले, की पिवळ्या रेषेच्या जागी 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीच्या दोन रेषा वेगळ्या दिसू लागतात. हा प्रयोग जर्नल भरण्यापुरता उरकू नका. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपल्या शेजारच्या जमखंडीहून, ढगांच्या उघडझापीत, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली नारिंगी रेषा त्यांना सोडियमचीच वाटली. प्रत्यक्षात ती 5876 अँगस्ट्रॉमची, म्हणजे हेलियमची होती. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना 1895 मध्ये मिळाला. अवघ्या चौदा अँगस्ट्रॉमच्या फरकात एक मूलद्रव्य दडलेले होते, हे मला बी.एस्सी.ला कोणी सांगितले असते, तर मी स्पेक्ट्रोमीटरवरचा व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) अधिक जपून वाचला असता.

गणित मात्र सोडू नका. इंग्रजी पाठ्यपुस्तकांची भीती सहसा पहिल्या वर्षातच ओसरते, पण गणिताचा कच्चेपणा पीएच.डी.पर्यंत पाठ सोडत नाही. शिवाय या क्षेत्रातले बहुतांश काम संगणकावर चालते, म्हणून पायथॉन ही संगणकीय भाषा आतापासूनच शिका. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट ही परीक्षा किंवा पुण्यातील आयुका आणि एनसीआरए या खगोल संशोधन संस्थांची संयुक्त प्रवेश परीक्षा, अशी वाट आहे. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्थाही तुम्हाला दूर नाही.

जमल्यास फेब्रुवारीअखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तेव्हा तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना पाहता येते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना मिळून आकाशाची प्रतिमा कशी तयार करतात, हे तिथल्या संशोधकांना अवश्य विचारा. फक्त जाण्यापूर्वी फूरिये रूपांतर (संकेताचे वेगवेगळ्या लहरींत विभाजन करण्याची गणिती पद्धत) वाचून जा, कारण त्यांच्या उत्तराची सुरुवात तिथूनच होईल.