तेलातली लसूण आणि लोणच्याची बरणी

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. त्यामुळे मी रविवारी अर्धा किलो लसूण सोलून, जाडसर वाटून काचेच्या बरणीत भरते आणि वर बोटभर शेंगदाण्याचे तेल ओतून बरणी ओट्यावरच ठेवते. महिनाभर फोडणीची सोय होते. हे घातक आहे, असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे. पण सासूबाईंचे कैरीचे लोणचे तेलाखाली वर्षभर टिकते, मग लसूण का टिकू नये? तिचा वासही शेवटपर्यंत चांगलाच असतो.

उत्तर : आपल्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. लोणचे टिकते ते कैरीचा आंबटपणा आणि भरपूर मीठ यांच्या जोरावर. वरचे तेल फक्त हवा अडवून बुरशी दूर ठेवते. लसणीत असा आंबटपणा नसतो, आणि नेमकी हवा अडल्यामुळेच तिथे वेगळा धोका उभा राहतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू मातीत असतो, त्याचे बीजाणू जमिनीत वाढणाऱ्या लसणीबरोबर घरात येतात, पाण्याच्या उकळीलाही ते दाद देत नाहीत, आणि प्राणवायू नसलेली, ओलसर, आंबट नसलेली व उबदार जागा मिळाली की वाढून विष तयार करतात. गॅसजवळच्या ओट्यावर ठेवलेली आपली बरणी म्हणजे नेमकी अशीच जागा आहे.

या विषाला वास, रंग किंवा चव नसते, म्हणून वास चांगला असल्याचा भरवसा धरता येत नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणीमुळे छत्तीस जणांना बाधा झाली होती. दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, घास गिळता न येणे अशी लक्षणे दिसल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे लागते. पाच मिनिटे ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास हे विष नष्ट होते हे खरे. परंतु क्षणभर तडतडणाऱ्या फोडणीवर किंवा न शिजवता चटणीत घातलेल्या चमचाभर लसणीवर तेवढा विश्वास टाकणे मला योग्य वाटत नाही.

तेलातच ठेवायची असेल, तर थोडीच करावी, लगेच फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आत ठेवावी (दारातल्या कप्प्यात नव्हे, तिथे थंडावा कमी असतो) आणि चार दिवसांत संपवावी. आपल्या महिनाभराच्या सोयीसाठी मात्र फ्रीझर उत्तम. वाटलेली लसूण थोड्या तेलात कालवून बर्फाच्या साच्यात गोठवावी व वड्या डब्यात भरून ठेवाव्यात. एक वडी थेट कढईत टाकता येते, आणि काही महिने चव टिकते. लिंबू पिळून ओट्यावर ठेवण्याचा मार्ग मी सुचवणार नाही, कारण लसणीच्या आतपर्यंत पुरेसा आंबटपणा पोहोचला की नाही हे जिभेला कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या अशा उत्पादनांत तो मोजून घातलेला असतो. (लिंबाने लसूण कधी हिरवट-निळसर होते, त्यात मात्र घाबरण्यासारखे काही नाही.) सुक्या खोबऱ्याची कोरडी लसूण चटणी ओलाव्याअभावी टिकते, ती नेहमीप्रमाणे करावी.

सध्या ओट्यावर असलेली बरणी चाखून न पाहता टाकून द्यावी.