वाय-फायवरून हाताच्या खुणा ओळखण्यासाठी कोणते मॉडेल घ्यावे?

शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये तेलकट हाताने बटण न दाबता नुसत्या खुणेने लेथ चालू-बंद करता यावे, कॅमेरा नको म्हणून वाय-फाय वापरावे, आणि त्यासाठी कोणते डीप लर्निंग मॉडेल (नमुन्यांवरून स्वतः ओळखायला शिकणारी संगणकीय प्रणाली) निवडावे, असा आपला प्रश्न आहे. कोल्हापुरात विद्यार्थ्यांच्या अशा प्रकल्पांना मी मार्गदर्शन करतो. माझ्या मते मॉडेलची निवड हा यातील सर्वांत सोपा भाग आहे.

हात हलला की त्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरींचा मार्ग बदलतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलणारा हात 5 गिगाहर्ट्झच्या लहरीत जेमतेम 17 हर्ट्झचा डॉप्लर फरक, म्हणजे हालचालीमुळे लहरीच्या वारंवारतेत होणारा बदल, घडवतो. एवढ्याशा फरकावरून वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये नऊ खुणा 94 टक्के अचूकतेने ओळखल्या होत्या, आणि तेही डीप लर्निंगशिवाय.

आपल्याला परवडेल असा ईएसपी 32 हा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे हा फरक निम्म्यावर, सुमारे 8 हर्ट्झवर येतो. सेकंदाला शंभर पॅकेट (वाय-फायवरून येणारे माहितीचे तुकडे) मिळाली तरी तो टिपता येतो. या बोर्डाच्या सीएसआयमधील (लहर वाटेत कशी बदलली याच्या नोंदीतील) फेजवर, म्हणजे लहरीच्या चक्रातील स्थितीवर, मात्र विसंबू नये, कारण पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बोर्डांची घड्याळे जुळलेली नसतात, आणि दोन अँटेनांचे गुणोत्तर घेऊन ती चूक काढून टाकण्याची सोय एकाच अँटेनामुळे येथे नाही. केवळ ॲम्प्लिट्यूड (लहरीची तीव्रता) घ्यावा, त्याचा स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारे चित्र) करावा आणि तो लहानशा सीएनएनला, म्हणजे चित्रे ओळखणाऱ्या डीप लर्निंग मॉडेलला, द्यावा.

खरी कसोटी चाचणीची आहे. सगळे नमुने एकत्र मिसळून त्यांतलेच काही चाचणीसाठी बाजूला काढले, तर अचूकता डोळे दिपवणारी येते. पण मॉडेल तेव्हा खुणेबरोबरच ती खोली, तेथील लोखंडी कपाट आणि त्या माणसाची उभे राहण्याची जागाही शिकलेले असते. म्हणून प्रशिक्षणात नसलेली खोली आणि नसलेली माणसे चाचणीसाठी राखून ठेवावीत. आकडा घसरेल, परंतु अहवालात तोच द्यावा. चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाच्या विडार 3.0 या 2019 च्या कामात अनेक रिसीव्हर वापरून हाताचा वेग शरीराच्या संदर्भाने काढला आहे, तो याच अडचणीवरचा उपाय म्हणून. आपल्याकडे तीन-चार बोर्ड असतील, तर तो मार्ग अवश्य अभ्यासावा.

राहता राहिला लेथ. फिरता चक, सरकणारे कॅरेज आणि मागून जाणारा कामगार हे सगळेच डॉप्लर फरक निर्माण करतात, आणि तेथे एक चुकीची ओळख बोटावर बेतू शकते. त्यामुळे यंत्राचे नियंत्रण बटणाकडेच राहू द्यावे आणि खुणांचा उपयोग शेजारच्या पडद्यावरील ड्रॉइंगची पाने उलटण्यापुरता करावा.