प्रॉमचा गाऊन 680 डॉलरचा, आणि कार्डावर आधीच 4,200

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सीहून एक आई): मुलगी बारावीला आहे. मे अखेरीस तिच्या शाळेचं प्रॉम, म्हणजे शाळा संपतानाची नटून-थटून जायची नाचाची पार्टी. गेल्या शनिवारी आम्ही दोघी गाऊन बघायला गेलो. गडद हिरव्या सॅटिनचा एक गाऊन तिला इतका खुलून दिसला की मी बघतच राहिले. तिने आरशात स्वतःला पाहिलं, काखेखालचा टॅग उलटून वाचला आणि म्हणाली, "आई, चल, दुसरीकडे बघू." किंमत 680 डॉलर. अल्टरेशनचे 120, चपला 60, केस आणि मेकअप 150, तिकीट 95, मैत्रिणींसोबतच्या पार्टी बसमधला वाटा 75. नवरा म्हणतो, एका संध्याकाळसाठी लाखभर रुपये! कार्डावर 4,200 डॉलर थकले आहेत, व्याज 27 टक्के. महिन्याला साधारण 350 डॉलर उरतात. 1 मेच्या आत कॉलेजचं डिपॉझिट, शिवाय पदवीदानाचा झगा-टोपी, इयरबुक, असे 600 लागतील. साताऱ्यात माझं लहानपण दिवाळीच्या एका नव्या फ्रॉकवर गेलं, म्हणून तिला नाही म्हणवत नाही. कार्डावर घेऊ का? की दुकान देतंय तसे चार हप्ते करू? की आजी-आजोबांनी तिच्या नावावर ठेवलेल्या पैशांतून?

उत्तर:

ताई, आधी निर्णय सांगतो, मग कारणं. मुलीने प्रॉमला जावं, छान गाऊन घालून जावं. पण यातला एकही डॉलर कार्डावर टाकू नका, आणि प्रॉमचा सगळा मिळून खर्च 700 च्या आत ठेवा. 

700 हा आकडा तुमच्याच पत्रातून काढलाय. फेब्रुवारी ते मे असे चार महिने, महिन्याला 350 प्रमाणे 1,400 होतात. त्यातून 600 कॉलेजच्या आणि शाळेच्या खर्चाला गेले की 800 राहतात. शंभर बाजूला ठेवा, कारण मे महिन्यात शाळेकडून काही ना काही मागणी येतेच. तुम्ही लिहिलेल्या खर्चाची बेरीज मात्र 1,180 होते. तुम्ही ती पत्रात केलेली नाही. गाऊनच्या किमतीवरच घरात वाद चाललाय, आणि उरलेले 500 कुणाच्या हिशोबातच नाहीत. प्रॉममध्ये नेहमी हेच होतं. गाऊन एकदाच ठरतो, बाकीचं थोडं थोडं करत अंगावर येतं.

कार्ड का नको, ते नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला नव्या खरेदीवर काही दिवस व्याज लागत नाही. बाकी मागे ठेवणाऱ्याची ती सवलत साधारणपणे जाते. म्हणजे तुमच्या गाऊनवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होईल. आजच 4,200 वर महिन्याला जवळपास 95 डॉलर नुसतं व्याज जातंय. त्यात 1,180 मिळवले तर आणखी साडेसव्वीस. हे 95 डॉलर मला त्या गाऊनपेक्षा जास्त खुपतात. दोन महिन्यांच्या व्याजात प्रॉमचं तिकीट निघून वर जवळपास शंभर उरले असते.

चार हप्त्यांचं म्हणाल तर ते वेळेवर भरले की सहसा व्याज नसतं. पण पहिला 170 चा हप्ता घेतानाच जातो आणि पुढचे दर दोन आठवड्यांनी. सहा आठवड्यांत 680 संपवायचे, आणि त्याच सहा आठवड्यांत तुमच्या हाती येतात फार तर 525. उरलेलं कुठून येणार? बहुतेक त्याच कार्डावरून. म्हणून हप्तेही नकोत.

आजी-आजोबांच्या पैशांबद्दल थोडं जपून बोलायला हवं. खातं पालकांच्या देखरेखीखालचं, मुलीच्या नावावरचं असेल, तर कायद्याने ते पैसे तिचे आहेत. ते फक्त तिच्यासाठी खर्च करता येतात, आणि त्यात गाऊन बसेलही. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या हिशोबातही विद्यार्थ्याच्या नावावरची बचत 20 टक्क्यांनी मोजली जाते, पालकांची जास्तीत जास्त 5.64 टक्क्यांनी. तेव्हा पुढच्या चार वर्षांत तिचे पैसे आधी वापरणं शहाणपणाचंच ठरेल. पण ते पुस्तकांना, लॅपटॉपला, वसतिगृहाच्या सामानाला वापरा. सप्टेंबरमध्ये ही बिलं येणारच आहेत आणि तेव्हाही कार्डच पुढे येईल.

आता त्या टॅगकडे येतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. सतरा वर्षांच्या मुलीने मनापासून आवडलेला गाऊन किंमत बघून स्वतःहून खाली ठेवला. घरात पैशांची ओढाताण आहे हे तिला कळतंय, पण नक्की किती आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मग मुलं अंदाज बांधतात, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा भीतीदायक असतो. साताऱ्यातल्या एका फ्रॉकचं दुःख मी समजू शकतो, ताई, मीही तसल्याच घरातून आलोय. पण ते भरून काढायला तुम्ही कर्ज काढून गाऊन घेतलात, तर किंमत तिने वाचलेली आहे. तो घालताना तिच्या मनात तो आकडा राहील.

म्हणून तिच्यासमोर कागद घेऊन बसा. 4,200, 350, 600 आणि 700 हे चारही आकडे तिला दाखवा. मग ते 700 तिच्या हाती द्या आणि वाटणी तिला करू द्या. तिकीट आणि बस मिळून 170 ठरलेलेच आहेत. राहिले 530. अल्टरेशन आणि चपला धरल्या तर गाऊनला 300 पर्यंत मिळतात आणि केसांना 50. मैत्रिणीच्या घरी जमून मुली एकमेकींचे केस करतात, त्यातही मजा असते. तिला हिरवाच गाऊन हवा असेल, तर वरचे 380 तिने कमवावेत. तासाला हाती 15 डॉलर धरले तर पंचवीस तासांहून थोडं जास्त काम होतं, शनिवार-रविवार मिळून पाच-सहा आठवड्यांचं. ते करायचं की नाही हे तिने ठरवू दे. करेन म्हणाली तर खुशाल घ्या, माझी हरकत नाही.

नवऱ्याला एक सांगा. डॉलरचे रुपये करून बघू नका. पगार इथे आहे, भाडं इथलं, व्याजही इथलं. लाख रुपये ऐकून छातीत धडकी भरते, पण निर्णयाला त्याचा काही उपयोग होत नाही.

खरेदीचं थोडं. गाऊन बघायला मॅनहॅटनला जाऊ नका. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, मॅनहॅटनमध्ये 110 डॉलर किंवा त्याहून महाग कपड्यावर 8.875 टक्के लागतो, म्हणजे 680 वर साठ डॉलर फुकट. या गाऊनची मापं रोजच्या कपड्यांपेक्षा लहान येतात, त्यामुळे तिला एक-दोन साइज मोठा लागला तर ती हिरमुसेल, हे आधीच सांगून ठेवा. अंगाचा जो भाग भरलेला असेल त्या मापाने घ्यायचा आणि बाकी आत घ्यायचा. सैल गाऊन आवळता येतो, तंग गाऊनला कापड कुठून आणणार? फिटिंगला जाताना त्या दिवशी घालायच्या चपला सोबत न्या, नाहीतर हेम, म्हणजे खालची दुमड, पुन्हा करावं लागेल आणि त्याचे पुन्हा पैसे. गेल्या वर्षी पास झालेल्या मुलींकडे एकदाच घातलेले गाऊन पडून असतात, तिला शाळेत विचारायला सांगा. ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांत त्याच पैशांत घागरा मिळेल, तो पुढे मंडळाच्या दिवाळीला, लग्नाला घालता येतो. पण तिच्या मनात असेल तरच. तिची हौस गाऊनची असेल तर घागऱ्याचा आग्रह धरू नका.

जूनपासून ते 350 डॉलर सगळे कार्डाकडे वळवा. त्याआधी, काही महिने शून्य व्याज देणाऱ्या दुसऱ्या कार्डावर बाकी हलवता येते का ते बघा. त्याला बहुधा 3 ते 5 टक्के शुल्क पडतं, म्हणजे 126 ते 210 डॉलर, आणि तुम्ही आत्ता दोन-अडीच महिन्यांत तेवढं व्याज भरताच आहात. पंधरा महिन्यांची मुदत मिळाली तर तेराव्या हप्त्याला तुम्ही मोकळ्या व्हाल. 

आणि या आठवड्यात त्या दुकानाला एक फोन करा. असे गाऊन बरेचदा मागवून घ्यावे लागतात, यायला दोन-तीन महिने लागतात, आणि मागवलेला गाऊन परत घेत नाहीत. तेव्हा ऑर्डर द्यायची शेवटची तारीख कोणती, आणि ट्रायलला ठेवलेला नमुना ते नंतर सवलतीत विकतात का, हे दोन प्रश्न विचारा. ती तारीख मुलीला सांगा. तेवढ्या दिवसांत तिला काय ते ठरवता येईल.