विंडोजवरचं व्हर्च्युअल मशीन उबंटूवर चालतं का?

चालतं भाऊ, काऊन नाही चालणार. विंडोज १० वरच्या व्हर्च्युअलबॉक्समधलं (पीसीच्या आत दुसरा पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी, म्हणजे जुनं विंडोज, उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर न्यायचं, फाइल पेनड्राइव्हवर जात नाही आणि स्पीड कमी होईल का, असं तुम्ही विचारलं. वर कोणीतरी तुम्हाला सांगितलं की होस्ट, म्हणजे बाहेरची सिस्टिम, बदलला की सगळं नव्यानं टाकावं लागते. हेच मलेही एकानं तोंडावर सांगितलं होतं, म्हणून लिहितो.

आमची वणीकडं जिनिंग आहे, मी तिथं काटा आणि हिशोब पाहतो. काट्याचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही आणि बनवणाऱ्यानं धंदा कधीचाच बंद केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा शेठनं उबंटूचा पीसी आणला आणि नागपूरहून इंजिनिअर बोलावला, त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणे हे तिकडं जात नाही, नवीन सॉफ्टवेअर घ्या, जुन्या पावत्यांच्या प्रिंट काढून ठेवा. अहो ऐन सीझन, फाटकाबाहेर कापसाच्या मेटॅडोरची रांग, आणि त्या पावत्यांत कोणाचा किती क्विंटल आला, कोणाचा चुकारा राहिला हे सगळं. शेतकरी पावती घेऊन आला तर त्याले काय प्रिंटचा गठ्ठा दाखवायचा?

मी शेठले म्हटलं, रात्री काटा बंद झाला की मशीन माझ्याकडं द्या.

आतलं एक्सपी नीट शटडाउन केलं, सेव्ह स्टेटमध्ये, म्हणजे चालू आहे तसंच थांबवून, कधीच हलवू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, तुमचंही तेच असेल, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मग मशीनचं पूर्ण फोल्डर उचललं, सेटिंगची फाइल आणि व्हीडीआय (मशीनच्या डिस्कची फाइल) दोन्ही, आणि उबंटूवर मशीन मेनूतून ॲड केलं. एक्सपी उठलं, जुन्या पावत्याही दिसल्या. पण काट्याच्या इंडिकेटरवर ७४६० आणि पडद्यावर शून्य. आता हे विंडोज-लिनक्सच्या नावांचं काम आहे, सेटिंगमध्ये सिरीयल पोर्ट, म्हणजे काट्याची केबल लागते तो, कॉम१ लिहिलेला होता, आमची यूएसबी केबल आहे म्हणून उबंटूवर तो टीटीवाययूएसबी०, आणि युजर डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेला) पाहिजे, त्यानंतर एकदा लॉगआउट. पडद्यावर ७४६० आलं तेव्हा हमालसुद्धा पाहायला आत आले. ब्रिज्ड नेटवर्कचं (मशीनले थेट बाहेरच्या नेटवर्कवर जोडणारं) कार्ड आणि शेअर्ड फोल्डरचा रस्ता पण असाच परत निवडावा लागतो.

ओव्हीए एक्सपोर्टही (सगळं मशीन एका फाइलमध्ये बांधणं) चालतं, पण त्यात स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या मागच्या जतन केलेल्या अवस्था, येत नाहीत आणि इम्पोर्ट करताना मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे नंबर) जुनेच ठेवा, नाहीतर एक्सपी परत ॲक्टिव्हेशन मागू शकते. मी तरी फोल्डरच नेईन.

जो माणूस फाइल उघडून न पाहता नवीन घ्या म्हणतो त्याले काम देऊ नका, मी शेठलेही हेच सांगितलं. मशीनच्या आतल्या एक्सपीले बाहेर विंडोज आहे का लिनक्स हे कळतच नाही, त्याले व्हर्च्युअलबॉक्सनं दिलेलं हार्डवेअर तेवढं दिसते, आणि प्रोसेसर सोडला तर ते दोन्हीकडं तेच.

हां, दोन्हीकडं व्हर्च्युअलबॉक्सचं व्हर्जन एकच ठेवा आणि स्पीड पडू नये म्हणून बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू पाहिजे. नव्या लिनक्स कर्नलवर व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली हीच व्हर्च्युअलायझेशनची सोय) दुसऱ्यानं धरून ठेवलंय असा एरर आला तर केव्हीएमचं, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवाल्या सोयीचं, मोड्यूल काढा. एम१ वगैरे चिपच्या मॅकवर न्यायचं असेल तर वरचं काहीच लागू नाही, तिथं प्रोसेसरच वेगळा आहे. आणि उबंटूवर एक पूर्ण महिन्याचा हिशोब जुळेपर्यंत विंडोजवरचं फोल्डर डिलीट करू नका.