पहिला ट्रिगर लावताना

मडलेट म्हणजे मड, अर्थात मजकुरावर चालणारे ऑनलाइन खेळ, खेळायचा प्रोग्राम. ट्रिगर म्हणजे खेळातून ठरावीक ओळ आली की आपोआप आज्ञा पाठवणारा नियम. सुरुवात साध्या ट्रिगरने कर: भूक लागल्याची ओळ आली की खाण्याची आज्ञा जावी. पण जुळणीचा प्रकार 'सबस्ट्रिंग' (ओळीत कुठेही शब्द आले तरी जुळणारा) ठेवू नकोस. तेच शब्द कुणी गप्पांत टाइप केले तरी ट्रिगर सुटतो. मला एकाने असंच भर लढाईत तलवार टाकायला लावली, ते अजून सलतं. 'एक्झॅक्ट मॅच' (अख्खी ओळ जशीच्या तशी) घे, नाहीतर रेजेक्सच्या, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राच्या, सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लाव, म्हणजे तो पूर्ण ओळीलाच जुळतो. रेजेक्समध्ये बदलता आकडा कंसात पकडलास की ल्युआच्या (मडलेटच्या स्क्रिप्टची भाषा) मॅचेस तक्त्यात तो दुसऱ्या जागी मिळतो. पहिल्या जागी अख्खा जुळलेला मजकूर असतो.

आणि हे मालवण आहे बाबा, आषाढात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून लढाईतून पळण्याचा ट्रिगर पात्राचा जीव निम्म्यावर येताच सुटू दे. खेळाचे नियमही वाच, बऱ्याच ठिकाणी माणूस समोर नसताना ट्रिगरवर खेळणं चालत नाही.