नोकरी परदेशी गेली, हक्क इथेच आहेत : कामगारांच्या प्रश्नांना उत्तरे

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून गेले काही महिने एकाच आशयाची पत्रे येत आहेत. ज्या परदेशी ग्राहकासाठी कास्टिंग किंवा मशीनिंग चालत होते, त्याने ते काम दुसऱ्या देशात हलवले, लाइन बंद झाली आणि आता कामगारांना घरी बसण्यास सांगितले जात आहे. अशा वेळी सरकार काय देते, कंपनीने काय द्यायला हवे आणि ते कोणत्या मुदतीत मागायचे, याविषयी कामगार कायद्याच्या सल्लागाराला रोज तेच तेच ऐकावे लागावे इतका गोंधळ आहे. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गेलेल्यांना केंद्र सरकार दोन वर्षे पगार देते, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला आहे. फॉर्म भरून देण्याचे 500 रुपये एक जण घेत आहे. भरावेत का? (उचगाव)

भरू नयेत. ‘काम परदेशी गेले’ एवढ्याच कारणावर पैसे देणारी कोणतीही स्वतंत्र योजना भारतात नाही. ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी पावती, मेसेज आणि ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचा तपशील घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

या मेसेजचे मूळ बहुधा अमेरिकेतील योजनेत असावे, म्हणून ती काय आहे हे एकदा स्पष्ट करतो. अमेरिकेत 1962 च्या व्यापार कायद्याने अशी मदत सुरू झाली आणि 1974 च्या कायद्याने तिला आजचे रूप आले. आयातीमुळे किंवा काम परदेशी हलवल्यामुळे नोकरी गेलेले किमान तीन कामगार, त्यांची युनियन किंवा खुद्द कंपनी तेथील कामगार खात्याकडे अर्ज करीत असे. तो मंजूर झाला की नव्या कामाचे प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात साप्ताहिक भत्ता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी पत्करल्यास जुन्या-नव्या पगारातील निम्मा फरक, दोन वर्षांत जास्तीत जास्त 10,000 डॉलरपर्यंत, मिळत असे. मात्र मुदत न वाढवल्यामुळे 1 जुलै 2022 पासून तेथेही नवे अर्ज मंजूर होणे थांबले. युरोपीय संघात 2007 पासून असाच एक निधी आहे आणि 2021 पासून 200 कामगारांची कपात ही त्याची सर्वसाधारण अट आहे. यांपैकी कशाचाही कोल्हापुरातील कामगाराशी संबंध नाही.

आपल्याकडे जे मिळते ते ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी आणि कपातीच्या, म्हणजे मालकाने कामावरून कमी केल्याच्या, भरपाईतून मिळते. त्याची माहिती पुढे येतेच आहे.

प्रश्न : माझे मेहुणे अमेरिकेत एका कारखान्यात होते. 2021 मध्ये त्यांचे काम मेक्सिकोला गेले. त्यांना आता काही मिळेल का? (राजारामपुरी)

त्यांच्या कारखान्याच्या कामगारगटाला जुलै 2022 पूर्वी मंजुरी मिळालेली असेल तरच विचारण्यात अर्थ आहे. त्यांनी तेथील राज्याच्या रोजगार कार्यालयातच चौकशी करावी, येथून काही होणार नाही.

प्रश्न : माझी नोकरी सहा वर्षे झाली आहे. ग्रॅच्युइटी मिळेल का? (वडणगे)

होय. राजीनामा दिला तरी मिळेल, आणि ती 30 दिवसांत द्यावी लागते.

प्रश्न : मी कोअर शॉपमध्ये 14 वर्षे 7 महिने काम केले. साहेब म्हणतात, ‘राजीनामा लिहून द्या, आठवड्यात फुल अँड फायनल करतो, वर 40,000 रुपये देतो, कपातीच्या भानगडीत पडलात तर कोर्टात फिरत बसाल.’ निम्म्या लोकांनी सह्या केल्या आहेत. काय करू? (कागल)

आपण सही केलेली नाही, ही या पत्रातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे आणि आपल्या बरोबरीच्या कामगारांनाही ते वाचून दाखवावे अशी विनंती आहे.

कायद्याच्या दृष्टीने मालकाने कामावरून कमी करणे म्हणजे कपात, आणि कामगाराने स्वतःहून जाणे म्हणजे राजीनामा. काम व्हिएतनामला गेले काय किंवा पुण्याला गेले काय, आपल्या फाइलमध्ये राजीनामा असेल तर कपात झालीच नाही असे धरले जाते, आणि कपातीशी जोडलेले जवळजवळ सगळे हक्क त्या एका कागदाबरोबर जातात. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली तरी मूळ तत्त्व 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलेच आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 15 दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय कमी करता येत नाही. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष मोजला जातो, त्यामुळे आपली 15 वर्षे धरली जातील.

आपला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये आहे आणि इतर भत्ते नाहीत, असे आपण लिहिले आहे. त्यावर हिशोब मांडू. कपातीची भरपाई 10,400 गुणिले 15, म्हणजे 1,56,000 रुपये. नोटिशीचा पगार 20,800 रुपये. नव्या संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधी आला आहे. त्यात मालकाने कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे 15 दिवसांचा पगार भरायचा असतो आणि कपातीपासून 45 दिवसांत तो कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचा असतो, ते 10,400 रुपये. एकूण 1,87,200 रुपये झाले. ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही, कारण ती राजीनामा दिला तरी मिळणारच आहे : 20,800 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 15 वर्षे, म्हणजे 1,80,000 रुपये. तेव्हा साहेब जे 40,000 रुपये ‘वर’ देत आहेत, ते आपल्याच 1,87,200 रुपयांच्या बदल्यात देत आहेत.

याखेरीज ईएसआयचा प्रश्न आहे, आणि सरकारी मदत म्हणतात ती हीच. पगार 21,000 रुपयांच्या आत असल्यामुळे आपण ईएसआयमध्ये आहात. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली कमाल 24 महिन्यांपर्यंत बेरोजगार भत्ता आणि त्या काळात उपचाराची सोय आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 90 दिवसांपर्यंत मदत मिळते. ती सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के होती, 2020 मध्ये 50 टक्के करण्यात आली आणि त्या वाढीची मुदत वेळोवेळी लांबवली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा दर शाखा कार्यालयातून समजून घ्यावा. दोन्ही योजनांना वर्गणीच्या अटी आहेत आणि स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तनामुळे नोकरी गेली असेल तर अटल योजनेची मदत मिळत नाही. शाखा कार्यालयातील कर्मचारी नोकरी जाण्याचे जे कारण कागदावर असेल तेच पाहणार, आणि तेथे ‘राजीनामा’ असे लिहिले असेल तर त्याच्यासमोर बसून खरी हकीकत सांगून उपयोग होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील 37 राजीनाम्यांच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर आल्या होत्या. मजकूर एकच, टाइप एकच, ‘वैयक्तिक’ ऐवजी ‘वयक्तिक’ ही चूक सगळ्यांत एकाच जागी. फक्त नाव आणि टोकन नंबर यांची रिकामी जागा वेगवेगळ्या हातांनी भरलेली. तारीख मात्र सगळ्यांवर एकाच पेनाने, एकाच अक्षरात घातलेली होती आणि ती प्रत्यक्ष सहीच्या तीन आठवडे आधीची होती. ज्यांनी तारीख न बघता सही केली, त्यांच्यात पंचवीस वर्षे फेटलिंगला ग्राइंडर धरून बोटांची संवेदना कमी झालेले एक काका होते. ते मला एवढेच म्हणाले, ‘साहेबांनी समोर धरला, मी केली सही.’ त्या चुकीमुळे आणि त्या अक्षरामुळे प्रकरण उभे राहिले खरे, पण जे महिनाभरात हातात पडायचे त्यासाठी त्या माणसांना वर्षानुवर्षे तारखा कराव्या लागल्या. म्हणून मी पुनःपुन्हा सांगतो, छापील राजीनाम्यावर, कोऱ्या कागदावर किंवा तारखेची जागा मोकळी असलेल्या कागदावर सही करू नका, आणि कोणताही कागद घरी नेऊन वाचायला मागा. जो कागद घरी नेऊ देत नाहीत त्यावर सही करण्याची कायद्याने कोणतीही सक्ती नाही.

ज्यांनी दबावाखाली सह्या केल्या आहेत त्यांनीही हातपाय गाळू नयेत. राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, तो मागे घेत आहे आणि कामावर हजर होण्यास तयार आहे, असे पत्र कंपनीला पोच पावतीसह स्पीड पोस्टाने लगेच पाठवावे आणि त्याची प्रत सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्यावी. उशीर जितका अधिक, तितका तो राजीनामा खरा वाटू लागतो. कंपनीने खरोखरच चांगली स्वेच्छानिवृत्ती योजना काढली असेल आणि तिची रक्कम वरच्या हिशोबापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर ती स्वीकारण्यात गैर काही नाही. मात्र आकडे युनियनच्या पदाधिकाऱ्याकडून किंवा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय नाही.

प्रश्न : आमच्याकडे 180 कामगार आहेत. सरकारची परवानगी न घेता कंपनी कारखाना बंद करू शकते का? (गडमुडशिंगी)

आता करू शकते. पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला आधी परवानगी लागत असे. नव्या संहितेत ती मर्यादा 300 झाली आहे. परंतु 60 दिवसांची नोटीस आणि कपातीच्या दराने भरपाई यांतून आपली कंपनी सुटत नाही. ‘ऑर्डर गेली, नाइलाज झाला’ असे सांगून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणण्याचा प्रयत्न होईल. निव्वळ आर्थिक अडचण किंवा माल पडून राहणे याला कायदा अटळ कारण मानत नाही. नोटिशीची तारीख 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीची असेल तर जुना कायदा पाहावा लागेल, म्हणून ती नोटीस घेऊन सल्लागाराला भेटावे.

प्रश्न : मी ठेकेदारामार्फत आठ वर्षे त्याच कंपनीत आहे. कंपनी म्हणते ठेकेदाराकडे जा, ठेकेदार फोन उचलत नाही. (हुपरी)

थकलेला पगार ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. कपातीची भरपाई मात्र प्रथमदर्शनी ठेकेदाराकडे मागावी लागते, आणि ठेका केवळ कागदोपत्री होता, काम कंपनीचेच साहेब देत होते, हे दाखवता आले तर चित्र बदलते. गेट पास, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे मेसेज जपून ठेवा. पगारातून ईएसआय आणि पीएफचे पैसे कापले जात असतील तर त्यांचे लाभ आपल्यालाही आहेत. हे प्रकरण कागद पाहिल्याशिवाय कोणी ठामपणे सांगू नये, मीही सांगत नाही.

प्रश्न : माझे पद ‘असिस्टंट इंजिनिअर’ असल्यामुळे मी कामगार नाही असे एचआर म्हणते. (कसबा बावडा)

पदाच्या नावाने काही ठरत नाही, प्रत्यक्ष कामाने ठरते. आपण खरोखर देखरेखीचे काम करीत असाल आणि पगार 18,000 रुपयांहून अधिक असेल तर आपण कामगाराच्या व्याख्येबाहेर जाता. आपण स्वतः मशीन चालवत असाल तर नाही. रोजच्या कामाची नोंद लिहून काढून वकिलाला दाखवावी.

प्रश्न : पीएफ काढून देणारा एजंट दहा टक्के मागतो. द्यावेत का? (पेठवडगाव)

नाही. दावा यूएएनवरून (आपल्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून) विनामूल्य करता येतो, आणि अडचण आली तर पीएफ कार्यालयात स्वतः जावे. आपण लिहिल्याप्रमाणे आपली सेवा नऊ वर्षांची आहे, आणि पेन्शनला दहा वर्षे लागतात. आत्ता पेन्शनची रक्कम काढून टाकली तर ती नऊ वर्षे पुसली जातील. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र (झालेल्या सेवेची नोंद असलेला पीएफ कार्यालयाचा दाखला) घ्यावे किंवा पुढच्या नोकरीत खाते वर्ग करावे. एजंट हे सांगत नाही, कारण आपण पैसे काढले तरच त्याला टक्केवारी मिळते.

प्रश्न : कपात होऊन 19 महिने झाले. भरपाई ‘देतो, देतो’ म्हणत आहेत. दिवाळीपर्यंत थांबावे का? (इचलकरंजी)

एक दिवसही थांबू नये. कपातीविरुद्ध दाद मागण्याची मुदत नव्या संहितेत दोन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात ती तीन वर्षांची होती आणि अनेक जण अजून त्याच समजुतीत आहेत. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. कपातीनंतर उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते, तेव्हा 19 महिने ‘देतो’ म्हणणारा माणूस आपली मुदत संपण्याची वाट पाहत आहे असेच मी समजतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ती सोडा : विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा असतो. शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे, त्यामुळे प्रकरण वर गेले तरी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याची वेळ येणार नाही. नेमणुकीचे पत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगार स्लिपा, कपातीची नोटीस, बँकेचे पासबुक आणि ईएसआयचे कार्ड एका पिशवीत घालून याच आठवड्यात सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये.