लॅबिरिंथ: चक्रव्यूह की भुलभुलैया?

प्रश्न असा आला आहे: "ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या मिनोअन (तिथल्या प्राचीन संस्कृतीच्या) राजवाड्याचे अवशेष पाहून आले. प्रवासवर्णनात 'लॅबिरिंथ'साठी मी 'चक्रव्यूह' लिहिलं. बहीण म्हणते, 'भुलभुलैया' हवं. कोण बरोबर?"

मी बहिणीला झुकतं माप देईन, पण पुरतं नाही. अडचण अशी की ग्रीकांनी या एका शब्दात निरनिराळ्या गोष्टी कोंबल्यात.

आधी कथा घ्या. क्रीटच्या मिनोस राजानं डेडॅलस या कारागिराकडून लॅबिरिंथ नावाची एक वास्तू बांधून घेतली, तिच्यात अर्धा माणूस-अर्धा बैल असा मिनोटॉर ठेवला, आणि थीसियस हा वीर त्याला मारायला आत गेला तो राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीनं दिलेल्या सुताच्या गुंडीचं टोक दाराशी बांधून. सूत कशाला लागतं? वाटेला फाटे असतात म्हणून. तेव्हा इथे भुलभुलैयाच. शब्द हिंदीतून आलाय, पण लखनौच्या बड्या इमामबाड्यामुळे तो सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसतो. अगदी घरचा शब्द हवा असेल तर आपल्याकडे 'चकवा' आहे. रात्री चकवा लागलेला माणूस पहाटेपर्यंत त्याच बांधावर फिरत राहतो. थीसियसला सूत नसतं तर त्याला चकवाच लागला असता. ती वास्तू मात्र चकवा नव्हे, चकवा लावणारी. एवढा फरक सांभाळा.

आता गंमत पाहा. क्नोसोसच्याच जुन्या नाण्यांवर लॅबिरिंथचं जे चित्र येतं, त्याच्या नेहमीच्या रूपात एकही फाटा नाही! एकच वाट, वळसे घेत घेत थेट मध्यावर जाते. तिथे हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही, सूत तर नकोच. या आकृतीला मात्र तुमचा 'चक्रव्यूह' शोभतो, आणि त्याला आधारही आहे: हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात महाभारताच्या शिल्पात चक्रव्यूह कोरलाय तो अशाच वळशावळशांच्या आकृतीचा. तरी मूळ अर्थ विसरू नये. व्यूह म्हणजे सैन्याची रचना. त्याच्या भिंती माणसांच्या असतात आणि त्या हलतात. अभिमन्यूला आत शिरणं ठाऊक, बाहेर पडणं नाही, इथे तो थीसियसच्या अगदी जवळ येतो. म्हणून तुमच्या लेखणीतून तो शब्द आला याचं मला नवल वाटत नाही. पण मराठी वाचकाला 'चक्रव्यूह' म्हटलं की द्रोण आणि जयद्रथ दिसणार. बिचाऱ्या मिनोटॉरला त्या गर्दीत उभं राहायला जागा नाही.

आणि क्नोसोसची ती प्रत्यक्ष जागा? तिथे 1878 मध्ये पहिली खोदाई केली ती मिनोस कालोकैरिनोस या स्थानिक व्यापाऱ्यानं (नावही मिनोसच!), आणि 1900 पासून मोठं उत्खनन केलं आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं. चक्रव्यूह नाही, भुलभुलैया नाही. निघाल्या त्या एकमेकींना चिकटलेल्या असंख्य खोल्या, जिने, वळणाचे बोळ. इथे मी सरळ 'वाडा' लिहीन. मध्ये मोठा चौक, भोवती दालनं, आतल्या खोल्यांना उजेड द्यायला छोट्या उघड्या जागा, एका अंगाला ओळीनं अरुंद कोठारं आणि त्यांत पुरुषभर उंचीचे रांजण. याला दुसरा शब्द शोधायची गरजच काय? 'राजवाडा' चालेल, पण तिथे खरोखर राजा राहत होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 'महाल' नको, त्याला फार मोगली वास येतो.

व्युत्पत्तीही विचारली आहेत. 'लाब्रिस' म्हणजे दुधारी कुऱ्हाड. तिची चिन्हं क्नोसोसच्या दगडांवर कोरलेली सापडतात, म्हणून लॅबिरिंथ म्हणजे 'कुऱ्हाडीचं घर', असं इव्हान्स मानत असे. ऐकायला छान आहे, पण सिद्ध नाही. शेवटचं '-इन्थोस' मात्र ग्रीकांच्या आधीच्या भाषेतलं असावं. कोरिन्थोस या गावाच्या नावात तेच आहे.

मला याहून आवडते ती क्नोसोसचीच एक मातीची पाटी. मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदानं 1952 मध्ये लिनिअर बी ही प्राचीन ग्रीक लिहिण्याची लिपी उलगडली, तेव्हा या पाट्या बोलू लागल्या. या पाटीवर मधाचा हिशेब आहे: सगळ्या देवांना मिळून एक घडा, आणि 'दा-पु-रि-तो-यो पो-ति-नि-या' हिला एकटीला एक घडा. पहिला शब्द म्हणजे लॅबिरिंथच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे 'लॅबिरिंथची स्वामिनी'. हे 'पोत्निया' आणि आपलं 'पत्नी' सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृतातही पत्नीचा एक अर्थ स्वामिनी असाच आहे, बायको हा त्याचा पुढचा संसार.

जाता जाता दोन गोष्टी. इंग्रजीत मूळ 'क' गिळतात, आपण गिळायचं कारण नाही. जोडाक्षरं आपल्याला जड नाहीत, तेव्हा 'क्नोसोस'च ठेवा. दुसरं, 'अवशेष' हा शब्द जपून वापरा. वर जाड नि खाली निमुळते होत जाणारे ते लाल खांब मुळात लाकडाचे होते. आज दिसतात ते इव्हान्सनं काँक्रीटमध्ये उभारलेले. गावच्या देवळाचं असं झालं की आपण 'जीर्णोद्धार' म्हणतो. तुमच्या लेखात 'हजारो वर्षं उभे असलेले लाल खांब' आले असतील, तर तेवढी ओळ आधी बदला.